येथे तेवीस सेकंद थांबते

कॉमेंटकाकांच्या घरी साखरेच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी आहे. बरणी काचेची आहे, आतली साखर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, तरी चिठ्ठी आहे. पंख्याच्या बटणावर 'पंखा' आहे, कडीखाली 'कडी' आहे, आणि मधल्या खोलीतल्या कपाटावर 'कपाट' असं लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे, अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून. बायको लग्नानंतर दोन वर्षं हसली, पुढची दोन वर्षं चिडली आणि मग तिने नाद सोडला. घरी कोणी आलं की ती आधीच सांगून टाकते, "काय आहे ते सगळं लिहिलेलं आहे. कशासाठी आहे ते मला विचारा."

माणूस वाईट नाही हं. वेळेवर जाणारा, वेळेवर येणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तीस-बत्तीस वर्षं एकाच कंपनीत प्रोग्राम लिहितोय. कंपनीचं काम पाणीपुरवठ्याचं: कुठला पंप कधी सुरू व्हायचा, कुठली टाकी भरली की कुठला व्हॉल्व्ह बंद व्हायचा, हे सगळं त्यांच्या प्रोग्रामवर चालतं. आता प्रोग्राममध्ये यंत्राला दिलेल्या हुकमांच्या मधेमधे माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवायची सोय असते. यंत्र ते वाचतसुद्धा नाही. उद्या मागून येणाऱ्याला उलगडा व्हावा, इतकाच त्यांचा उपयोग. त्यांना कॉमेंट म्हणतात. या कॉमेंटवर काकांचा असा जीव जडला, की खरं नाव मागे पडलं आणि कंपनीभर ते कॉमेंटकाका झाले.

लिहायचे काय, ते ऐका. 'मोटार सुरू कर' असा हुकूम असला की त्याच्या डोक्यावर काकांची कॉमेंट: 'मोटार सुरू करते.' 'मोजणीत एक मिळव' असं असलं की वर: 'मोजणीत एक मिळवते.' हुकूम एक ओळीचा आणि कॉमेंट दोन ओळींची, असंही व्हायचं. वाचणाऱ्याला तेच दोनदा वाचावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा वाचून पहिल्यापेक्षा शष्प जास्त कळायचं नाही.

बरं, स्वतः लिहून गप्प बसले असते तर कोणाची ना नव्हती. पण काकांनी 'तपासनीस' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. तो सगळ्यांचं काम तपासायचा. ज्या हुकमाच्या डोक्यावर कॉमेंट नाही, ते काम परत. कॉमेंट ऐंशी अक्षरांपेक्षा लांब, परत. कॉमेंटमध्ये 'मी' हा शब्द आला, परत. कॉमेंट कशी निर्विकार पाहिजे. 'चूक' हा शब्द आला तरी परत, कारण उद्या गिऱ्हाइकाने वाचलं तर काय म्हणेल. शिवाय 'कॉमेंटची पंचवीस सूत्रे' असा कागद छापून, त्यावर प्लास्टिक चढवून, त्यांनी कंपनीत सहा ठिकाणी लावला होता. त्यातला एक हात धुवायच्या जागी होता. मालक खूश. दर महिन्याला आकडा यायचा: कॉमेंट शंभर टक्के. शंभर टक्क्यांना कोण नावं ठेवणार?

नावं ठेवली ती एका मुलीने. तिला कंपनीत दोन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणी आलंच नाही म्हणून सगळे तिला अजून 'नवी' म्हणायचे. तिने एकदा काकांना एक कॉमेंट दाखवली: 'तीन टाक्या तपासते.' खालचा हुकूम चार टाक्या तपासत होता.

"सर, ही कॉमेंट चुकलीये."

"कॉमेंट बरोबर आहे," काका म्हणाले. "टाकी नंतर बांधली."

चौथी टाकी बांधून अकरा वर्षं झाली होती. नवीने वर बघितलं, खाली बघितलं आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना पाणीखात्याने जुनी यंत्रणा बदलून नवी आणायचं ठरवलं. खात्याच्या प्रमुख इंजिनिअर बाई मोठ्या खमक्या. त्यांनी फर्मान काढलं: जुन्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे यंत्र थांबून राहतं, त्या प्रत्येक जागेची यादी करा. किती थांबतं आणि का थांबतं. ज्याचं कारण सापडणार नाही ते थांबणं शुक्रवारच्या बैठकीत काढून टाकू. त्याच बैठकीत मालक काकांना साऱ्या कंपनीचे दस्तऐवज-प्रमुख म्हणून जाहीर करणार होते. काकांनी इस्त्रीचा सदरा सोमवारीच वेगळा काढून ठेवला होता.

यादी करायचं काम नवीकडे आलं. सोमवारी दुपारी ती काकांच्या टेबलाशी आली.

"सर, मोठ्या पंपाची घंटा वाजते, आणि नंतर पंप तेवीस सेकंद काही करत नाही. हे तुमचं आहे, एकतीस वर्षांपूर्वीचं."

"कॉमेंट नाही का वर?"

"आहे की. 'येथे तेवीस सेकंद थांबते.'"

"मग?"

"तेवीस का, सर?"

आता हा प्रश्न किती साधा. पण काका पेन्सिलीला टोक करायला लागले. "सुरक्षेसाठी," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"सुरक्षा म्हणजे सुरक्षा. तेवढं लिही."

"बाई ऐकायच्या नाहीत. त्या तेवीस सेकंदांत टेकडीवरच्या नळांची धार करंगळीएवढी होते, आणि लोक त्यांच्या नावाने खडे फोडतात. त्यांना हे तीनवर आणायचंय." तिने यादीत कारणाचा रकाना कोरा सोडला. "शुक्रवारपर्यंत आठवलं तर सांगा."

आठवायचा प्रश्नच नव्हता. काकांना कारण चांगलं पाठ होतं. सव्वीस वर्षांचे असताना त्यांनी तो प्रोग्राम लिहिला, तेव्हा तिथे तेवीस नव्हते, पाच होते. घंटा, पाच सेकंद, पंप सुरू. पाच का? तर खुर्चीत बसून पाच बरे वाटले. पंपाखाली एक खड्डा आहे, त्यात शिडीने उतरून कोणी काम करतं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या खड्ड्यात व्हॉल्व्हमन उतरायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. एके दिवशी दादा पंपाच्या दांड्यापाशी गळती बंद करत होते, वर घंटा झाली, पाच सेकंद गेले, दांडा फिरला आणि दादांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशी झाली. वीज तोडल्याशिवाय खड्ड्यात उतरू नये असा नियम होता, तो भिंतीवर लिहिलेलाही होता. वीज तोडायची पेटी मात्र दुसऱ्या इमारतीत, पेटीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात. चौकशीने लिहिलं: व्हॉल्व्हमनचा निष्काळजीपणा. पाच सेकंद कोणी ठरवले, हे कोणी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. दीड महिन्याने दादा कामावर आले तेव्हा काका घड्याळ घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. दादा हाताला बँडेजचं पांढरं बोचकं बांधलेले, एका हाताने शिडी चढून वर आले. एकोणीस सेकंद लागले. काकांनी वर चार धरले, तेवीस केले, आणि डोक्यावर कॉमेंट लिहिली: 'येथे तेवीस सेकंद थांबते.' कारण लिहिलं असतं तर पाच कोणाचे, तेही लिहावं लागलं असतं. ही खरी मेख. त्यानंतर काकांनी हजारो कॉमेंट्स लिहिल्या आणि एकाही कॉमेंटमध्ये कशाचंही कारण येऊ दिलं नाही.

मंगळवारी काका घरी पडून राहिले. डोकं दुखतंय म्हणाले. बायकोने औषधाच्या कपाटातून तीन बाटल्या आणून पुढ्यात ठेवल्या. तिन्हींवर काकांच्या सुवाच्य अक्षरात 'औषध' लिहिलेलं होतं.

"यातली डोक्याची कुठली?" तिने विचारलं.

काकांनी तिन्ही बाटल्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या. मूळच्या चिठ्ठ्या त्यांनीच काढून टाकल्या होत्या, स्वच्छ दिसावं म्हणून.

"एक माझ्या गुडघ्याची, एक पोटाची आणि एक गेल्या वर्षी मुदत संपलेली," बायको म्हणाली. "घ्या कुठलीही. औषधच आहे, लिहिलंय तसं."

काकांनी कुठलंच घेतलं नाही. पण डोक्यात एक विचार आला, आणि तो फारसा चांगला नव्हता. यंत्रणा आता नवी होतेय. सगळं आपोआप. खड्ड्यात आता कोण उतरत असेल? कोणीच उतरत नसेल, तर तेवीसचे तीन झाले काय आणि शून्य झालं काय. मग कारण सांगायची गरजच उरत नाही. ताकास तूर न लागू देता शुक्रवार निघून जाईल. फक्त एकदा खात्री करून घ्यावी. बुधवारी सकाळी ते दादांचा पत्ता शोधत निघाले.

दादा निवृत्त होऊन पंपघरामागच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहत होते. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, बाकी माणूस तसाच.

"इंजिनिअर, तू? ये. वाट चुकलास का?"

काका बसले. दादांनी चहा आणला, कप पुढे केला. काकांनी कपाकडे बघितलं, बशीकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, दाराच्या बिजागरीकडेही बघितलं. दादांच्या हाताकडे तेवढं बघितलं नाही.

"दादा, त्या खड्ड्यात आता कोणी उतरत नसेल ना?"

"उतरतो की. माझा धाकटा. माझ्या जागी तोच लागला. गळती काय यंत्रणा नवी आली म्हणून थांबते का? दर गुरुवारी उतरावं लागतं."

"आणि वीज तोडायची पेटी?"

"तिथंच आहे. कुलूप नवीन बसवलंय."

काकांचा चहा तसाच राहिला. मग त्यांनी सगळं सांगितलं: नवी यंत्रणा, बाईंची यादी, तेवीसचे तीन. दादा शांतपणे ऐकत होते.

"पण तू तेव्हा मला म्हणाला होतास," दादा म्हणाले. "'दादा, मी आत लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या मागेही हे कोणी काढणार नाही.' लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं होतं."

"काय लिहिलंस?"

"तेवीस सेकंद थांबते, असं."

दादांनी जरा विचार केला. "ते तर थांबल्यावर कळतंच की," ते म्हणाले.

कंपनीतल्या लोकांनी काकांची आजवर पुष्कळ टिंगल केली होती, पाठीमागे केली होती, तोंडावरही केली होती. काकांना त्यातलं काहीच लागलं नव्हतं. हे वाक्य दादांनी टिंगल म्हणून म्हटलंही नव्हतं, आणि ते मात्र असं बसलं की काकांना खुर्चीतून उठवेना.

"ते पाच तुझे होते, हे मला माहीत होतं," दादा कप उचलता उचलता म्हणाले. "घंटा झाली की मी रोज सेकंद मोजायचो. चौकशीत कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तूच सांगशील असं वाटलं होतं. जाऊ दे. पण आता गप्प बसू नकोस."

गुरुवारी काका कंपनीत आले, कोणाशी बोलले नाहीत, आणि मोठ्या पंपाचा प्रोग्राम उघडून बसले. तेवीसच्या डोक्यावरची जुनी ओळ पुसली. मग लिहायला घेतलं आणि घोडं पेंड खाऊ लागलं. हजारो कॉमेंट्स लिहिलेला माणूस, पण कारण लिहायची सवयच नव्हती. लिहावं आणि पुसावं, असं जेवायच्या सुट्टीपर्यंत चाललं. शेवटी हे झालं:

'घंटा वाजल्यावर पंप तेवीस सेकंद थांबतो, कारण खाली खड्ड्यात व्हॉल्व्हमन असू शकतो. त्याला शिडीने वर यायला एकोणीस सेकंद लागले, मी काठावर उभं राहून मोजले. वर चार जास्त धरले. आधी इथे पाच होते. ते मी खड्डा न बघता ठरवले होते. त्यामुळे व्हॉल्व्हमनची तीन बोटे गेली. चूक त्याची नव्हती, माझी होती. वीज तोडायची पेटी खड्ड्याशेजारी आली की हे थांबणे काढता येईल. तोपर्यंत काढू नये.'

काकांनी काम तपासनीसाकडे पाठवलं. तपासनीसाने क्षणात परत केलं. लांबी मर्यादेबाहेर. 'मी' हा शब्द वर्ज्य. 'चूक' हा शब्द वर्ज्य.

मागे नवी उभी होती. तिने काकांच्या खांद्यावरून सगळं वाचलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "सर, ऐंशी अक्षरं का?"

काकांनी तपासनीसाचा प्रोग्राम उघडला. ऐंशीच्या डोक्यावर त्यांचीच कॉमेंट होती: 'कमाल लांबी ऐंशी.' काकांनी आठवून पाहिलं. छताकडे बघितलं, पेन्सिलीचं टोक चावलं. ऐंशी कुठून आले, देवाला माहीत.

"नाही आठवत," ते म्हणाले.

"आणि 'चूक' का नाही चालत?"

"ते आठवतंय," काका म्हणाले, आणि तिन्ही नियम त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले.

शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालूनच काका बैठकीला गेले. यादीतला तेवीसचा आकडा आला तेव्हा नवी बोलायला उठत होती, तिला त्यांनी हाताने बसवलं, आणि कॉमेंट उभं राहून स्वतः वाचली. 'चूक त्याची नव्हती, माझी होती' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मालक टेबलावरची कागदांची चळत सरळ करत राहिले. ती आधीच सरळ होती.

"म्हणजे चूक तुमच्या कंपनीची होती," बाई म्हणाल्या. "आमच्या चौकशीत तर व्हॉल्व्हमनला दोषी धरलंय."

"हो," काका म्हणाले.

"आणि एकतीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत."

"हो."

बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाल्या, "तेवीस राहू द्या. पेटी हलवायला आमच्याकडे वर्ष जाईल. ती जुनी चौकशीही मी परत उघडायला सांगते, तुमचा जबाब लागेल." मालकांनी घसा खाकरला आणि दस्तऐवज-प्रमुखाचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असं सांगितलं. पुढच्या बैठकीत तो कोणी घेतला नाही, आणि हात धुवायच्या जागेवरचा पंचवीस सूत्रांचा कागदही कोणीतरी काढून नेला.

पण ते नंतरचं. शनिवारी सकाळी काका त्या कॉमेंटचा छापील कागद घेऊन दादांकडे गेले. मनातून थोडी ऐट होती, खोटं कशाला सांगा. एवढं सगळं कबूल केलं, आता दादा पाठीवर हात ठेवतील, निदान बरं वाटलं म्हणतील, अशी आशा होती.

दादांनी चष्मा लावला, कागद डाव्या हातात धरला आणि ओठ हलवत सावकाश वाचत गेले. एका जागी थांबले. ती ओळ परत वाचली.

"तीन कुठून आणलीस?"

"काय?"

"बोटं. दोन गेली. तीन लिहिलीस."

काकांनी वाकून त्या ओळीकडे बघितलं.

"हे माझा धाकटा वाचेल," दादा म्हणाले. "किती गेली ते त्याला लहानपणापासून माहीत आहे. हे चुकलेलं दिसलं की पुढचं तेवीसही तो खरं मानायचा नाही. दोन लिही."

"दादा, मला वाटलं..."

"वाटलंच असणार. बुधवारी एवढा वेळ समोर बसलास, पण इकडे बघितलंस कुठे?" दादांनी कागद बाजूला ठेवला आणि उजवा हात काकांच्या पुढ्यात टेबलावर पालथा ठेवला. "बघ आता. मोज."

काकांनी खिशातली पेन्सिल काढली, खाली वाकले, आणि एकेक बोट मोजायला लागले.